नमुना नंबर दोनशे सतरा

पहिल्याच भेटीत मी त्याला चारचौघांत झापलं होतं.

नदीकाठचा शनिवारचा बाजार बऱ्याच महिन्यांनी पुन्हा भरला होता. ऑक्टोबरची संध्याकाळ, वांग नदीवरून गार वारा येत होता, आणि खाव तेनच्या गाडीपुढे, माझ्या अगदी मागे, एक उंच माणूस मास्क हनुवटीखाली ओढून तीच भाताची तळलेली, पाक घातलेली चकती कुरकुर खात उभा होता. पाकाचा वास माझ्या मानेपर्यंत येत होता – म्हणजे त्याचा श्वासही येत असणार.

मी वळले. "अहो, खायचंच असेल तर तिकडे झाडाखाली जाऊन खा. माझ्या घरी आजारी माणूस आहे."

तो चावता चावता थांबला. मास्क वर केला, चार पावलं मागे सरकला. "एवढं पुरे?"

"आणखी."

तो आणखी सरकला. मागे फुलवालीची टोपली होती, तिला पाय लागला, झेंडूच्या माळा घसरल्या. त्या गोळा करून तो पुन्हा ताठ उभा राहिला. "आता मी रांगेतच राहिलो नाही," तो म्हणाला.

"मग उत्तमच," मी म्हटलं, आणि माझी पुडी घेऊन घरी आले.

सोमवारी आमच्या भागातल्या देवळाच्या सभामंडपात रक्त घेणार होते. विद्यापीठाचे लोक आले होते. लस घेतलेल्या आणि करोना होऊन गेलेल्या चारशे माणसांचं रक्त ते वर्षभर तपासणार होते – कुणाच्या शरीरात किती प्रतिपिंडं तयार होतात, किती टिकतात, आणि नव्या नव्या व्हेरियंटला ती पुरी पडतात का, हे पाहायला. बाबांचं नाव त्यांनी मुद्दाम घातलं होतं, कारण बाबांना किडनी बदललेली आहे. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्या लसीलाही काम करू देत नाहीत. मी सोबत राहते म्हणून माझंही नाव घातलं.

टेबलापाशी बसले, बाही वर केली. समोरच्या माणसाने दंडाला रबर बांधलं, आणि खाली बघतच म्हणाला, "शनिवारी तुम्ही मला रांगेतून काढलंत."

मी हात ओढून घ्यायला लागले. त्याने सोडला नाही.

"घाबरू नका. सूड घेत नाही. विद्यापीठ परवानगी देत नाही."

सुई गेलेली कळलीसुद्धा नाही. त्याच्या पापण्या लांब होत्या. मास्कमुळे तेवढंच दिसत होतं, म्हणून तेवढंच बघितलं.

त्याचं नाव अनुवत. चियांग मायच्या प्रयोगशाळेचा माणूस, पण या कामासाठी लांपांगच्या शाखेत बदली होऊन आला होता. नळीवर त्याने चिठ्ठी चिकटवली. बाबा दोनशे सोळा, मी दोनशे सतरा.

"नाव नाही लिहीत?" मी विचारलं.

"नाही. इथे सगळ्यांचे आकडे असतात. म्हणजे मग कुणावर प्रेम नाही, कुणावर राग नाही."

"माझ्यावर राग आहे तुमचा."

"दोनशे सतरावर नाही," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

*

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी पिकुल. बकुळीच्या फुलाला आमच्याकडे पिकुल म्हणतात. आईला ते झाड आवडायचं म्हणून. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. बाबा, इन्ता त्यांचं नाव, घोडागाडी हाकायचे. लांपांगला आजही घोडागाड्या आहेत, त्यातली एक बावीस वर्षं बाबांची होती. मग त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. सहा वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांची असताना, मी माझी एक त्यांना दिली.

त्यामुळे माझ्या बाबतीत लोक म्हणतात की पोरगी बापाच्या फार मागे असते. असते. जे स्वतःच्या शरीरातून काढून दिलं, ते कुणाच्या खोकल्यापायी फुकट जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात वाडग्यांवर कोंबडे रंगवते. काळं शेपूट, लाल पिसं, बाजूला एक फूल. दिवसाला शंभर-सव्वाशे कोंबडे होतात. तिथे खिडकीजवळ एकटी बसायचे, एकटीच डबा खायचे. घरी आले की जिन्याखाली कपडे बदलायचे, मग वर जायचे. दीड वर्षात आमच्या घरात पाहुणा आला नव्हता. बाबांनाही फाटकाबाहेर सोडत नव्हते.

बाबांच्या रक्ताचा नमुना दर महिन्याला लागायचा, आणि त्यांना गर्दीत नेऊ नये म्हणून अनुवत घरी यायला लागला. आमचं घर खांबांवर आहे. खाली सावलीत मी दोन खुर्च्या मांडल्या आणि मधे खडूने रेघ मारली.

पहिल्यांदा आला तेव्हा रेघ बघून त्याने विचारलं, "ही सरहद्द?"

"रक्त घेताना ओलांडा. मग परत जा."

"पासपोर्ट लागेल का?"

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. त्यांच्या डाव्या हाताच्या शिरा डायलिसिसने पार गेलेल्या, उजव्याच्या चुकार. नर्सबायका तीन-तीनदा टोचायच्या. अनुवतने त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, बोटांनी चाचपत राहिला, आणि घोड्यांबद्दल विचारत राहिला. घोडा उजवीकडे जास्त बिचकतो का? पावसात टाप घसरते का? बाबा बोलण्यात रंगले आणि नळी भरून निघाली.

"काका, झालं."

"झालं? अरे, अजून मी तुला चांदणीची गोष्ट सांगितलीच नाही."

"चांदणी कोण?"

"माझी घोडी. हिच्यापेक्षा शहाणी," बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

नोव्हेंबरात तो बाबांचा निकाल घेऊन आला. बाबांसारख्या रुग्णांचे निकाल डॉक्टरांना लगेच द्यायचे असतात, त्यामुळे ते आम्हालाही कळले. दोन डोस घेऊनही बाबांच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नव्हती. मी कागद हातात घेऊन उभी राहिले. मला वाटलं होतं थोडी तरी असतील.

"म्हणजे लस वाया गेली?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. प्रतिपिंडं म्हणजे दारावरचा पहारा. तो तुमच्याकडे कमी आहे. पण आत काही पेशी असतात, त्या विषाणूला ओळखायला शिकतात. त्या मोजणं अवघड असतं, पण बऱ्याचदा त्या असतात. तिसरा डोस घेतला की पहाराही थोडा वाढेल."

"आणि नाही वाढला तर?" हे मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तर तुम्ही आहातच पहाऱ्याला."

कुणी मला टोमणा मारल्याशिवाय असं म्हटलेलं तोवर ऐकलं नव्हतं. कारखान्यातल्या बाया म्हणायच्या, पिकुल बापाला बरणीत घालून ठेवते. मी वर गेले, आणि त्याच्यासाठी चहा करून खाली आणला. रेघेवर ठेवला. त्याने तो रेघेपलीकडे नेऊन प्यायला.

त्यानंतर रक्त घ्यायचं नसतानाही तो यायला लागला. कधी बाबांच्या गोळ्यांची चौकशी, कधी पुढच्या तारखेची आठवण. फोनवर सांगता आलं असतं.

"हे फोनवर सांगता आलं असतं," मी एकदा म्हटलंच.

"फोनवर तुमच्या भुवया दिसत नाहीत."

"भुवयांचं काय?"

"राग आला की डावी वर जाते. आत्ता गेली आहे बघा."

डिसेंबरच्या शेवटी नवा व्हेरियंट देशात आला, ओमिक्रॉन. प्रयोगशाळेत त्यांचं काम दुप्पट झालं. जुन्या विषाणूवर तयार झालेली प्रतिपिंडं नव्यावर नीट चिकटतच नव्हती, असं तो सांगायचा. चारशे जणांचं रक्त घेऊन ते पुन्हा पुन्हा तपासत होते. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"त्यात माझंही असतं?" मी विचारलं.

"असतं की. बाकीचे आकडे मी यादीत बघतो. दोनशे सतरा मला पाठ आहे."

"कशी आहे ती?"

"सांगायची परवानगी नाही. अभ्यास संपल्यावर पत्र येईल." त्याने इकडेतिकडे बघितलं. "पण... बरी आहे. चिवट आहे."

मी मान खाली घातली. खरं तर मला हसू येत होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

*

वीस जानेवारीला आमचा दोघांचाही नमुना घ्यायचा होता. त्या दिवशी मी रेघ मारली नाही. विसरले, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळी उठून नाम न्यिआव, आमच्याकडची टोमॅटोची आंबट आमटी, केली होती, शेवया उकडल्या होत्या. रक्त घेऊन झाल्यावर मी म्हटलं, "जेवून जा."

तो चकित होऊन बघत राहिला. "मास्क काढावा लागेल."

"वारा आहे. तिकडे टोकाला बसा."

वाडगा देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. दोघांनीही वाडगा सोडला नाही... दोन-तीन क्षणच असतील. "हा कोंबडा तुम्ही रंगवलाय?" त्याने हळूच विचारलं. मी हो म्हटलं. त्या वाडग्याकडे तो असा बघत होता, जणू त्यात आमटी नाहीच.

बाबा वरून ओरडले, "थंड होईल. खा आधी."

बावीस तारखेला त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "मला झालाय. आज सकाळी कळलं. पिकुल, तुम्ही दोघं लगेच तपासून घ्या. मला खरंच... त्या दिवशी मला काहीच होत नव्हतं."

आमच्या दोघांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. चोवीस तारखेला बाबांना ताप भरला. पुन्हा तपासलं – बाबा पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह.

रुग्णवाहिका आली तेव्हा त्यांनी मला फाटकापाशीच थांबवलं. बाबा स्ट्रेचरवरून हात हलवत होते, जसे गाडीवरून प्रवाशांना निरोप देताना हलवायचे तसे. मी तिथेच पायरीवर बसून अनुवतला फोन लावला.

"दीड वर्ष मी एका माणसाला घरात घेतलं नाही," मी म्हटलं. "एकाला घेतलं."

मी थांबले नाही. "माझ्याकडे दुसरी किडनी नाहीये द्यायला. परत फोन करू नका. घरीही येऊ नका."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

बाबा सतरा दिवस दवाखान्यात होते. नऊ दिवस ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी विषाणूवरचं औषध दिलं, तयार प्रतिपिंडांचं सलाइन दिलं, किडनीच्या गोळ्या कमी-जास्त केल्या. माझी तपासणी रोज निगेटिव्ह येत होती, म्हणून शेवटच्या आठवड्यात मला डोक्यापासून पायापर्यंत झाकून त्यांच्याजवळ बसू दिलं. मी त्यांचे पाय चेपायचे आणि मनातल्या मनात त्या माणसाला दूषणं द्यायचे. त्या दूषणांनीही मला बळ येत होतं, हे आज कळतं.

डॉक्टर म्हणाले, तिसरा डोस घेतला होता म्हणून वाचले. प्रतिपिंडं थोडीच होती, पण आतल्या पेशींनी काम केलं असावं. किडनी वाचली. दहा फेब्रुवारीला बाबा घरी आले, अंगठी बोटातून निसटावी इतके बारीक होऊन.

रक्त घ्यायला आता केसोर्नताई यायला लागल्या. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, त्याच प्रयोगशाळेतल्या. अनुवतचं नाव त्या काढत नसत. मीही काढत नसे. बाबा मात्र दर खेपेला विचारायचे, "तो पोरगा बरा आहे ना?" आणि मी आतून भांडं आपटायचे.

*

मे महिन्यात पत्रं आली. अभ्यासाचा पहिला भाग संपला होता. केसोर्नताई स्वतः घेऊन आल्या होत्या. बाबा वर झोपले होते. मी माझा कागद उघडला. आकडेच आकडे होते, पण खाली एक ओळ साध्या भाषेत होती. 'नैसर्गिक संसर्ग होऊन गेल्याची खूण: ऑक्टोबरच्या नमुन्यात नाही. वीस जानेवारीच्या नमुन्यात आहे.'

मी दोनदा वाचलं. "ताई, हे चुकून आलंय. मला झालाच नाही. मी रोज निगेटिव्ह होते."

केसोर्नताईंनी कागद हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "त्याने अजून सांगितलं नाही वाटतं तुला," त्या पुटपुटल्या.

"काय?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. "हे बघ, तुला जी लस दिली तिने ही खूण उमटत नाही. ती फक्त खऱ्या विषाणूने उमटते, आणि उमटायला आठ-दहा दिवस तरी लागतात. वीस तारखेला ती होती, म्हणजे तुला त्याआधीच होऊन गेला होता. म्हणून नंतर तू निगेटिव्ह येत राहिलीस."

मला अकरा-बारा जानेवारी आठवली. घसा खवखवत होता. भट्टीची धूळ असेल म्हणून मी मिठाच्या गुळण्या केल्या होत्या, एकदा तपासलं, निगेटिव्ह आलं, आणि बाबांना जेवायला वाढलं होतं.

"मग बाबांना..."

"ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, बाळ. पण एक आहे. तुझ्या बाबांचा स्वॅब आमच्याकडे आला होता, अनुवतचाही होता. दोन्ही ओमिक्रॉनच, पण पोटजाती वेगळ्या. अनुवतचा विषाणू तुझ्या बाबांना लागलेला नाही, एवढं नक्की. त्याला हे फेब्रुवारीतच कळलं. मी म्हटलं, जा, सांग त्या पोरीला. तर म्हणाला, ताई, तुम्हीही सांगायचं नाही."

त्या गेल्या. बाबा उठले, चहा मागितला. मी चहा दिला आणि स्कूटर काढली.

प्रयोगशाळेच्या आवारात गुलमोहर फुलला होता आणि खाली सगळं लाल झालं होतं. तो जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून केळीच्या पानातला चिकट भात खात होता. मला बघून उठला. बारीक झाला होता.

मी कागद त्याच्यासमोर धरला. "हे तुला फेब्रुवारीत माहीत होतं."

त्याने कागद बघितलाही नाही. "हो."

"चार महिने मी तुला बोल लावतेय. मनात, बायांसमोर, बाबांसमोर. आणि तू गप्प."

"तुमचे बाबा तेव्हा ऑक्सिजनवर होते. माझ्यावर रागावून तुम्ही त्यांच्याजवळ बसू शकत होतात. स्वतःवर रागावला असतात तर... बसू शकला असतात का?"

मला रडू आलं, आणि त्याचाच राग आला. "हे ठरवणारा तू कोण? मला काय झेपेल, काय नाही, हे तू परस्पर ठरवलंस. बाबा घरी आल्यावर तरी सांगायचं होतं."

त्याने गुलमोहराच्या पाकळ्या बुटाने बाजूला सारल्या.

"चुकलं," तो म्हणाला. "काका बरे झाल्यावर सांगायला हवं होतं. तीनदा तुमच्या गल्लीपर्यंत आलो. पण काय म्हणणार होतो? माझ्याकडून नाही, तुमच्याकडून असेल? स्वतःची सुटका करून घ्यायला तुमच्या डोक्यावर ते ठेवायचं? मला नाही जमलं. आणि..." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "...तुम्ही रागावलेल्या तरी होतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरं वाटायचं."

मी तिथून निघाले.

*

घरी आल्याबरोबर बाबांसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. कागद, खूण, घसा, गुळण्या. "बाबा, तुम्हाला माझ्याकडूनच झाला असणार. मी तुम्हाला..."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी घसा साफ केला.

"पिकुल, तू कामाला गेलीस की मी देवळामागे जायचो."

"काय?"

"बुद्धिबळ खेळायला. मून आणि मी. मंगळवार, शुक्रवार. डिसेंबरपासून." ते मान वर करेनात. "जानेवारीत मूनला खोकला होता. म्हणाला, थंडीचा आहे. मी म्हटलं, चाल कर."

जिन्याखाली कपडे बदलणारी मी, एकटी डबा खाणारी मी.

"तुमच्या पोटात माझी किडनी आहे, बाबा."

"किडनी तुझी आहे, पोरी. पाय माझेच आहेत ना," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "दीड वर्ष घरात बसून माणूस वाळतो. तुला सांगायला धीर झाला नाही. आणि नंतर तू त्या पोराला बोलत होतीस आणि मी गुपचूप जेवत होतो. माझ्याइतका भित्रा माणूस लांपांगमध्ये नसेल."

मला खूप ओरडायचं होतं. पण त्यांचं ते खालमानेने बसणं बघून आधी हुंदका आला आणि मग कसं कोण जाणे, हसू. बाबाही हसायला लागले, रडतही होते. विषाणू माझ्याकडून आला की मूनकाकांकडून, की बर्फ विकणाऱ्या बाईकडून, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. त्या दुपारी आम्ही दोघांनी ते तिथेच सोडून दिलं.

"त्याला बोलाव," डोळे पुसत बाबा म्हणाले. "मला त्याची माफी मागायचीय."

"तुम्हीच करा फोन. मी त्याच्याशी भांडून आलेय."

"चार महिने न भेटता भांडलीस, आज भेटून भांडलीस. म्हणजे प्रगती आहे," बाबा म्हणाले आणि फोन मागितला.

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लिचीची पिशवी. बाबा जिना उतरून खाली आले आणि त्याच्यापुढे दोन्ही हात जोडून वाकले. वडीलधाऱ्याने आधी वाकायचं नसतं. अनुवत घाबरून गुडघ्यांवरच बसला, बाबांचे हात आपल्या हातांत धरले. "काका, असं करू नका."

"माझी चूक तुझ्यावर गेली, बाळा. मी जाऊ दिली."

"माझ्यावर काही गेलं नाही."

"गेलं. बघ किती वाळलास," बाबा म्हणाले. मग बाजूची टोपी घेऊन डोक्यावर घातली, मास्क लावला. "मी मूनकडे जातो. उघड्यावर बसतो, त्याला तिकडच्या टोकाला बसवतो. दोन तास येत नाही."

फाटक वाजलं. आम्ही दोघंच राहिलो. मी लिच्या वाडग्यात काढल्या, त्याने एक सोलली आणि माझ्यापुढे ठेवली. मग दुसरी सोलली आणि तीही माझ्यापुढेच ठेवली.

"तुला खायच्या नाहीत?"

"हात थरथरतायत. काहीतरी करायला हवं."

"सुई धरताना नाही थरथरत."

"तेव्हा समोर आकडा असतो." तिसरी लिची त्याच्या हातातच राहिली. "मला सोंगख्लाला बोलावलंय. दक्षिणेत मोठी प्रयोगशाळा आहे. उद्या कळवायचंय."

सोंगख्ला म्हणजे दीड दिवसाचा प्रवास. "चांगलं काम आहे?"

"चांगलं आहे."

"मग जाणार असशील."

"तुम्ही सांगा."

"तुम्ही नाही. तू."

"...तू सांग."

कोंबडे रंगवताना माझा हात कधी अडखळत नाही. बोलताना मात्र शब्द एकेक करून बाहेर काढावा लागला. आजवर मी जे जे मागितलं होतं – डॉक्टरांकडे, देवळात, कारखान्याच्या मालकाकडे – सगळं बाबांसाठी होतं. स्वतःसाठी मागायची सवयच नव्हती.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "हे मी बाबांसाठी म्हणत नाहीये. ते माझं मीच बघेन. माझ्यासाठी म्हणतेय."

त्याने लिची खाली ठेवली, हात शर्टालाच पुसला – इस्त्रीच्या, पांढऱ्या शर्टाला – आणि माझा हात हातात घेतला. त्याचा तळवा चिकट, गोड आणि गरम होता.

"पुढचा व्हेरियंट आला तर?" मी विचारलं.

"येईलच."

"मी पुन्हा वेड्यासारखी वागेन. तुला अंगणात उभा करीन."

"उभा राहीन."

"आणि मला न विचारता काही ठरवायचं नाही. वाईट बातमी असली तरी आधी मला."

"आधी तुला," तो म्हणाला. "ही वाईट नाही, पण सांगतो. ऑक्टोबरपासून माझं प्रेम आहे तुझ्यावर. झेंडूच्या टोपलीत पाय गेला तेव्हापासून."

मी काही म्हणणार तेवढ्यात फाटक पुन्हा वाजलं. बाबा आत आले. चष्मा विसरले होते. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. त्याने हात सोडला नाही, मीही नाही. बाबांनी पायरीवरचा चष्मा उचलला, फुंकर मारून पुसला, नीट नाकावर बसवला, आणि आमच्याकडे मुळीच न बघता पुन्हा फाटकाकडे चालायला लागले.

"आज खेळ लांबेल," जाता जाता ते म्हणाले. "तीन तास धर."